काळे तीळ आणि कोरा नमुना

१ ऑक्टोबर, बुधवार

प्रयोगशाळेतल्या यंत्रावरची हिरवी पुडी आज बदललेली दिसली. दुसऱ्या कुणाला यात काही वाटणार नाही, पण मला सकाळपासून दुसरं काही सुचलेलं नाही.

आमच्याकडे यंत्राने नीट वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांची पुडी ठेवायची असते. तीही हिरवीच. पिवळी ठेवली तर यंत्र रुसतं, लाल ठेवली तर पेटतं. हे यंत्र आलं तेव्हापासून पुडी मी ठेवत आले. आज तिथे दुसरीच होती, आणि तिच्यावर शाईने लिहिलं होतं, 'शहाण्यासारखं वाग.' अक्षर फान निंगचं.

"बीश्याताई, जुनीची तारीख ऑगस्टमध्येच उलटली होती," ती म्हणाली. "तुम्ही कामात होता, म्हणून मीच आणली."

"बरं केलंस," मी म्हटलं. बरं कसलं डोंबलाचं! नव्या सुनेने येऊन आपलं देवघर आवरावं तसं झालं.

दुपारी ओउ साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की वर्ष संपलं की ते निवृत्त होणार. म्हणजे आमच्या विभागाच्या अहवालांवर सही करून शिक्का मारण्याचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार. वरून मंजुरी दोन नावांना आली आहे, माझ्या आणि निंगच्या. शिक्का एकीलाच मिळेल. "दोघी सारख्याच लायक आहेत," असं साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

सारख्याच! मी इथे आले तेव्हा या जागेत छत गळत होतं आणि निंग शाळेत दप्तर घेऊन जात होती. तायपेहून मोठी पदवी घेऊन ती दोन वर्षांपूर्वी आली, हसली, सगळ्यांना गार चहा पाजला आणि सारखी झाली.

तो शिक्का मला हवा आहे. ही वही कुणी वाचत नाही, इथे तरी खोटं कशाला लिहू.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल मध्यशरदाच्या सणाची सुट्टी होती. आज प्रत्येकाच्या टेबलावर सणाचं एकेक पपनस. मी सुरी निंगपुढे केली, म्हटलं काप. ती हात मागे घेऊन म्हणाली, "मी नाही कापत ताई, तुम्हीच कापा." मग मी कापलं, आणि बाईसाहेबांनी सोललेल्या फोडी खाल्ल्या. हे नखरे आधी नव्हते. शिक्क्याचं कळल्यापासून सुरू झाले.

दुसरं म्हणजे तिची खुर्ची. साहेबांनी ती विद्रावकांच्या कोपऱ्यातून उचलून खिडकीजवळ नेली. म्हणे त्या वासाने निंगचं डोकं दुखतं. माझ्या डोक्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नाही. त्या खिडकीतून चिंचेचं झाड दिसतं, हे साहेबांना बरोबर माहीत आहे.

शिवाय तिने गार चहा सोडला. सगळ्यांसाठी मागवते आणि स्वतः कोमट पाणी पीत बसते. म्हणजे आपण किती साधे. भिंतीवर पंचांगासाठी खिळा ठोकायला माणूस आला, तर त्यालाही तिने गोड बोलून परत पाठवलं. "आज नको, काका. पुढच्या महिन्यात ठोका." आता खिळे कधी ठोकायचे तेही तीच ठरवणार.

घरी आईला हे सगळं सांगितलं. आई शेंगा सोलत होती. ती हसायला लागली.

"सुरी धरत नाही, खिळा ठोकू देत नाही, गार पीत नाही," ती म्हणाली. "आणि तुला काही कळलं नाही?"

"कळलं ना. डोक्यात हवा गेलीय."

"हवाच गेलीय, पण डोक्यात नाही." पुढे काही बोलेना. अशा गोष्टी वेळेआधी तोंडाने बोलू नयेत, म्हणे. आईचं वय झालं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज आग्योक मावशी तिळांचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत आली. जुन्या बाजारामागे तिचा तेलाचा घाणा आहे. काळे तीळ भाजून ती जे तेल काढते त्याचा वास आमच्या गल्लीपर्यंत येतो. ज्या व्यापाऱ्याकडून तिने यंदाचे तीळ घेतले, त्याचा दुसरा माल बंदरात अडकला. त्यात बंदी असलेल्या वायूचा अंश सापडला. आता त्याच्याकडून घेणाऱ्या सगळ्यांनाच आपापल्या तिळांचा अहवाल दाखवावा लागणार आहे.

"कसला गं हा वायू? फुग्यातला?" तिने विचारलं.

"नाही मावशी. इथिलीन ऑक्साइड. बाहेरच्या काही देशांत तिळाला, मसाल्याला कीड-बुरशी लागू नये म्हणून त्याची धुरी देतात. पोटात गेला तर वाईट. तोच वायू रुग्णालयातल्या सामानालाही देतात, सुया, हातमोजे, पट्ट्या. एक जंतू उरत नाही."

"म्हणजे तिथे औषध आणि माझ्या तिळात विष?"

"सुई आपण खात नाही, मावशी."

"तुझी जीभ माझ्या सुनेसारखी आहे," ती म्हणाली, पण हसली. मग गंभीर झाली. "लीतोंगच्या आत तीळ घाण्यात गेले पाहिजेत. त्या दिवशी हिवाळा लागला की लोकांना आलं आणि तिळाचं तेल घातलेली कोंबडी हवी असते. त्या दिवसाला माझ्याकडे तेल नसेल तर समोरचा तेलवाला छी आहेच टपलेला. एकदा गिऱ्हाईक त्याच्या पायरीवर चढलं की माझ्या पायरीवर येत नाही."

साहेबांनी नमुन्याचे दोन भाग केले. "तुम्ही दोघी वेगवेगळं तपासा. एकमेकींचं बघायचं नाही," म्हणाले. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, तिच्या नाही. ही परीक्षा आहे, मी काय समजत नाही?

१४ ऑक्टोबर, मंगळवार

माझी मामेबहीण श्यूरोंग रुग्णालयांना सामान पुरवते. तिच्याकडून आज नळ्यांचा एक खोका आणला. आम्ही ज्या नळ्यांत नमुना घेऊन घुसळतो त्या मोठ्या पिशवीतून सुट्या येतात, कुणीही हात घालतं. या मात्र एकेक स्वतंत्र पाकिटात. पाकिटावर छोटा गोल ठिपका, निर्जंतुक झालं की त्याचा रंग बदलतो. शस्त्रक्रियेला याच वापरतात, श्यूरोंग म्हणाली. थोड्याच मिळाल्या, कारण महाग आहेत.

साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, "वा, बीश्या, तू काही कमी ठेवत नाहीस." निंग खिडकीतून झाडाकडे बघत होती, पण तिने ऐकलं. ऐकलंच असणार.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दोघींनी तपासणीला घेतलं. मी मोठ्या मनाने म्हटलं, "निंग, माझ्या नळ्यांतल्या घे हव्या तर." पाकीट चिवट असतं, हाताने फाटत नाही. मी कात्री पुढे केली. ती कात्रीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "नको ताई, माझ्या नेहमीच्याच बऱ्या." आणि पिशवीतून सुट्या उचलून गेली. चार पाकिटं कापायचाही कंटाळा! हिला सही करायला देणार.

प्रत्येक खेपेला एक कोरा नमुना घ्यायचा असतो. त्यात तीळ नसतात, नुसता विद्रावक, बाकी सगळी कृती तीच. म्हणजे आपली भांडी आणि आपला हात स्वच्छ आहे हे कळतं. कोरा मी पिशवीतल्या साध्या नळीत घेतला. नुसत्या विद्रावकावर महागडी नळी कशाला वाया घालवायची? तिळांना मात्र सगळ्या उत्तम नळ्या दिल्या. दिवसभर तीळ दळून मान आखडली, आणि निंग खिडकीजवळ बसून गुणगुणत होती म्हणून अंगाचाही तिळपापड झाला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

सापडला! आलेखावर टोक स्वच्छ उभं आहे, जिथे असायला हवं बरोबर तिथे. मर्यादेच्या बरंच वर. माझा कोरा नमुना सपाट, म्हणजे हात स्वच्छ. निंगच्या आलेखावर मात्र काही नाही. तिचे तीळ निर्मळ.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि चष्मा पुसला. "कोरा नमुना?" "स्वच्छ," मी म्हटलं. "माझाही," निंग म्हणाली.

बाहेर आल्यावर ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही कोरा त्या नव्या नळीतच घेतला होता ना?"

म्हणजे ही मला शिकवणार. मी तिला म्हटलं, "तू पाटीवर रेघोट्या मारत होतीस तेव्हापासून मी कोरे नमुने घेतेय." तिचा चेहरा पडला. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचं थोडं वाईटही वाटलं, पण थोडंच.

२० ऑक्टोबर, सोमवार

साहेबांच्या सांगण्यावरून दोघींनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. माझ्याकडे वायू, तिच्याकडे शून्य. एक तर तिच्या हाताला यंत्रातलं काही कळत नाही, किंवा तिला शून्यच हवं आहे.

संध्याकाळी वाहनतळावर मी हेल्मेट चढवत होते. निंगच्या स्कूटरवर पायाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली मोठी बाटली होती. कागद सुटला होता, आत काळं तेल. बाटलीवर चिठ्ठी नाही. या गावात चिठ्ठी नसलेल्या बाटलीतून तिळाचं तेल कोण विकतं, मला माहीत आहे.

कशी गोड हसते ती सगळ्यांशी! आता कळलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार

दोन दिवस सांगू की नको, सांगू की नको. शेवटी आज साहेबांच्या खोलीत जाऊन बाटलीचं सांगितलं. ते चकित होतील असं वाटलं होतं. ते ओठ दाबून हसले.

"तेलाची बाटली होय? ते असू दे, बीश्या. त्याचं वेगळं आहे."

"वेगळं काय, साहेब?"

"ते तिचं ती सांगेल."

म्हणजे त्यांना ठाऊक आहे आणि ते झाकतायत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. मी एवढंच म्हटलं, "माझ्या आलेखावर वायू आहे. उद्या कुणाच्या पोटात गेला तर?" यावर ते हसले नाहीत. दोन्ही आलेख पुन्हा पुढ्यात ओढले.

घरी जेवताना आईलाही बाटलीचं सांगितलं. आई म्हणाली, "तेलसुद्धा आलं का? सासूला फारच घाई दिसतेय." आईशी बोलण्यात अर्थ नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

शिक्का मला मिळाला.

निंग आज रजेवर होती. साहेबांनी मला बोलावलं, खणातून लाकडी डबी काढली आणि माझ्यापुढे सरकवली. माझ्या नावाचा शिक्का आधीच कोरून आणला होता. "निंगने आपलं नाव मागे घेतलंय," म्हणाले. "आणि दोन निकालांत शंका असेल तर खाणाऱ्याच्या बाजूने उभं राहायचं. दुसऱ्या प्रयोगशाळेला पाठवलं तरी लीतोंगच्या आत उत्तर येणार नाही. तुझी तपासणी, तुझीच सही."

नाव मागे घेतलं! बाटलीची गोष्ट तिच्या कानावर गेली असणार. चोराच्या मनात चांदणं.

आग्योक मावशीच्या अहवालावर मी शिक्का मारला. अंश आढळला, माल अडवावा. लाल शाईत माझं नाव इतकं सुबक उठलं की मी साध्या कागदावर आणखी एकदा मारून पाहिला. तो कागद या वहीत ठेवला आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

वाकडी वाट करून मावशीच्या घाण्यावरून गेले. का गेले माहीत नाही. पोत्यांवर सरकारी कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या. घाणा थंड. गल्लीत भाजलेल्या तिळाचा वास नाही, तर गल्ली ओळखूच येईना. समोर छीकडे रांग होती.

मावशी दारात स्टुलावर बसली होती. मी स्कूटर थांबवणार नव्हते, पण तिने पाहिलंच.

"ये, बस," ती म्हणाली. "आज मला कामच नाही."

"मावशी, मी मुद्दाम नाही…"

"मुद्दाम कोण म्हणतंय? यंत्राने सांगितलं, तू लिहिलंस." तिने शेजारचं रिकामं स्टूल पुढे ओढलं. "फक्त एक सांग. तुला खातरी आहे ना? तू हो म्हटलंस तर मी पोती जाळायला देते आणि परत विचारत नाही."

"खातरी आहे," मी म्हटलं. मला होतीच.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

निंगला दिवस गेलेत. तीन महिने पूर्ण झाले म्हणून आज तिने सगळ्यांना सांगितलं. सगळ्या तिच्याभोवती जमल्या, मी पण जमले.

तीन महिने होईपर्यंत बोलायचं नसतं, नाही तर गर्भाचा देव रागावतो. कात्री-सुरी धरायची नाही, खिळा ठोकायचा नाही, जड वस्तू हलवायची नाही. "माझा विश्वास नाही हो," निंग लाजून म्हणाली, "पण सासूबाईंना शब्द दिलाय. नऊ महिने कात्री धरायची नाही. त्यांनी तर बाळंतपणानंतर खायच्या कोंबडीसाठी आत्तापासून तिकडून, म्याओलीहून, तिळाचं तेल पाठवलंय. एवढी मोठी बाटली."

म्याओलीहून.

आई शेंगा सोलता सोलता जे ओळखते ते मला समोर बसून कळलं नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. बाटलीचं मी साहेबांना सांगितलं होतं हे निंगला माहीत असेल का? माहीत असूनच ती आज मला पपनसाची फोड देत होती का?

तरी तिचा निकाल चुकलाच. बाटली वेगळी आणि तपासणी वेगळी. एवढं मात्र माझ्याकडे आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार

आज मिरचीपूड तपासायची होती. कोरा नमुना घ्यायला पिशवीत हात घातला तर पिशवी रिकामी, सुट्या नळ्या संपलेल्या. मग नाइलाजाने माझ्या पाकिटातली एक कापली आणि नुसता विद्रावक त्यात घेतला.

आलेखावर टोक आलं.

मिरची नाही, तीळ नाही, काहीच नाही, आणि तेच टोक त्याच जागी तेवढंच उंच. मी यंत्र धुवून पुन्हा केलं. पुन्हा टोक. दुसरं पाकीट कापलं. पुन्हा. तेव्हा मी पाकीट हातात धरून त्यावरच्या रंग बदललेल्या ठिपक्याकडे बघत बसले.

रुग्णालयातलं सामान कशाने निर्जंतुक करतात हे मीच मावशीला माझ्या तोंडाने सांगितलं होतं. सुया, हातमोजे, पट्ट्या. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वायूत न्हालेल्या नळ्या मिरवत आणल्या. तिळात वायू नव्हता. तो मी घातला. निंगने कात्री धरली नाही म्हणून तिचे तीळ वाचले. आणि तिने विचारलंही होतं, कोरा त्या नळीत घेतला का. मी तिला पाटीवरच्या रेघोट्या ऐकवल्या.

कुणाला काही माहीत नव्हतं. यंत्र बिघडलं होतं म्हणता आलं असतं. पुडीला दोष देता आला असता, ती निंगनेच ठेवलेली. हेही मनात आलं, लिहून ठेवते. उरलेल्या नळ्या मी थैलीत भरून घरी आणल्या. संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत कोपऱ्यावर आली. आई दोन पिशव्या घेऊन निघाली होती. तिने माझ्या थैलीकडे बोट दाखवलं.

"हे पण टाकायचं का?"

गाडी वळणावर थांबली होती. नळ्या गेल्या असत्या, शिक्का राहिला असता. मावशी पोती जाळायला देते म्हणाली होती. परत विचारणार नाही म्हणाली होती.

"नको," मी म्हटलं. "ते उद्या परत न्यायचंय."

४ नोव्हेंबर, मंगळवार

आधी मावशीला फोन केला. "पोती दिलीस का?" "उद्या येणार आहेत न्यायला." "देऊ नकोस. का ते दुपारी सांगते." मग साहेबांच्या टेबलावर नळ्या आणि कोऱ्या नमुन्यांचे आलेख ठेवले. निंगलाही बोलावलं. तिच्या पाठीमागे सांगणं मला जमलं असतं, म्हणूनच बोलावलं.

साहेबांनी आलेख पाहिले, पाकीट पाहिलं. "आणि तू म्हणालीस, कोरा स्वच्छ आहे."

"होता, साहेब. दुसऱ्या नळीत."

ते उठून खिडकीपाशी गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "मीही विचारलं नाही कुठल्या नळीत," ते म्हणाले. "निंग म्हणाली होती एकदा, नळ्या बघा. मला वाटलं, दोघींचं पटत नाही म्हणून म्हणतेय."

निंग खाली बघत होती. मी तिला विचारलं, "तू नाव मागे का घेतलंस?"

"मी उन्हाळ्यात असणार नाही ना, ताई. बाळ झाल्यावर रजा. शिक्का खणात पडून राहिला असता. मी साहेबांना म्हटलं, ताईंना द्या."

म्हणजे मी जिंकले नव्हतेच. तिने ताटातलं उचलून मला वाढलं होतं, आणि मी ढेकर देत फिरत होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

काचेच्या बाटल्यांत तीळ पुन्हा तपासले. मी दळले, निंगने मोजले, कोरा नमुना त्याच काचेत. दोन्ही आलेख सपाट.

अहवाल मागे घ्यायचा तर ज्याने सही केली त्यानेच तो घ्यायचा असतो. तेव्हा माझ्या शिक्क्याने मी लिहून दिलं की माझा निकाल चुकीचा आहे आणि माल निर्दोष आहे. शिक्का पहिल्यासारखाच सुबक उठला. डबी साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती खणात टाकली. पुढे सही कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

संध्याकाळी गल्लीत वास आला. आईने खिडकी उघडली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज लीतोंग. आग्योक मावशी प्रयोगशाळेत आली. दोन दिवसांत निघेल तेवढंच तेल निघालं, अर्धी गिऱ्हाइकं छीकडेच गेली, काही परत येतील, काही येणार नाहीत. हे तिने फाटकावरच्या रखवालदाराला नाव-गाव सांगावं तसं कोरडं सांगितलं, आणि थैलीतून तेलाच्या दोन बाटल्या काढल्या.

"आम्हाला घेता येत नाही, मावशी," मी म्हटलं.

"तपासणीच्या आधी घेता येत नाही. आता तपासणी कुठे आहे?" एक बाटली तिने माझ्यापुढे ठेवली. "फान बाई म्हणाली, चूक तू पकडलीस."

मी निंगकडे पाहिलं. ती झाडाकडे बघत होती.

"आणि चूक केली कुणी, ते नाही सांगितलं?"

"नळ्यांनी केली, म्हणाली."

तेवढ्यावर भागलं असतं. "नळ्या मी आणल्या होत्या, मावशी. ही विचारत होती, मी ऐकलं नाही."

"ते मला कळलंय," मावशी म्हणाली. "दोन्ही कागदांवर लाल शाईत एकच नाव होतं. मी म्हातारी झाले, आंधळी नाही. म्हणून तर तुझी बाटली लहान आणली. मोठी तिची."

खरंच लहान होती. मावशी गेल्यावर मी दोन्ही बाटल्या शेजारी धरून पाहिल्या. निंगची दीडपट तरी भरेल. खोटं कशाला लिहू, मला तेही लागलं.

साहेबांना मात्र दोन्ही बाटल्या चालल्या नाहीत. उद्या मावशीच्या दारात नेऊन ठेवायच्या आणि तेल हवं असेल तर पैसे मोजून आणायचं, असं त्यांनी सांगितलं. मी आणेन. मोठी आणेन.

१० नोव्हेंबर, सोमवार

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. आज सकाळी सगळ्या निंगच्या पोटाला हात लावून मुलगा की मुलगी ते सांगत होत्या, आणि माझ्या मनात आलं, हिला हेही मिळणार आणि उन्हाळ्यानंतर शिक्काही. पूर्वी तिच्या पदवीचा हेवा करत होते, खुर्चीचा करत होते. आता तिच्या चांगुलपणाचाही करावा लागतोय, आणि त्याला काही औषध नाही.

दुपारी काचेच्या नव्या बाटल्यांचा खोका आला, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला. निंग त्याच्यासमोर हात मागे घेऊन उभी होती. टेबलावर कात्री उघडी पडली होती, आणि निंग त्या कात्रीकडे बघायचं टाळत होती. मी जाऊन पट्ट्या कापल्या. बाटल्या काढून तिच्या बाजूला लावल्या.

मग प्रयोगशाळेतल्या सगळ्या कात्र्या गोळा केल्या आणि माझ्या खणात टाकून कुलूप लावलं. संध्याकाळपर्यंत तिघांनी विचारलं, कात्री कुठे गेली. मी म्हटलं, मला काय माहीत. ज्याला काही कापायचं असेल त्याने माझ्याकडे घेऊन यावं.